मागच्या दाराची पायरी

हार्डिंग बे या आमच्या गावात कुणाच्याही घरी पुढच्या दारानं जायची पद्धत नाही. पुढचं दार पाद्र्यासाठी, डॉक्टरसाठी आणि शवपेटीसाठी. बाकी सगळी दुनिया मागच्या दारानं येते, चिखलाचे बूट बाहेर काढते आणि सरळ स्वयंपाकघरात टेबलाशी बसते. कॉटरेलांच्या घरात तर पुढच्या दाराची किल्ली कुठं ठेवलीय हेही कुणाला आठवत नव्हतं. तेव्हा मागच्या दाराच्या पायरीवर गावातल्या प्रत्येकाचा पाय कधी ना कधी पडला होता, आणि प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलं होतं, "मर्टल, काय सुरेख दगड आहे गं! चर्चला शोभेल असा. आणि तुम्ही तो मागच्या दाराला घातलाय!"

"बाबांची हौस," मर्टल म्हणायची, आणि किटली चुलीवर ठेवायला वळायची.

खरं काय ते आधीच सांगितलेलं बरं. तो दगड कबरीवर लावायचा होता, आणि तो पालथा घातलेला होता. अक्षरं होती ती बाजू मातीत. ज्या माणसासाठी तो घडवला, तो चर्चच्या आवारात पार कुंपणाकडेला बिननावाचा पडला होता, आणि तो मर्टलचा सख्खा आजोबा होता. हे मर्टलला आठव्या वर्षापासून माहीत होतं. आता ती बहात्तर वर्षांची होती. इतकी वर्षं दर शनिवारी ती ही पायरी ब्रशनं घासून धुवायची, आणि धुताना कडेला माती नीट दाबून घ्यायची, खालचं काही वर दिसू नये म्हणून.

आजोबाचं नाव एमस. अकरा वर्षांचा असताना ब्रिस्टलमध्ये एका दुकानाबाहेर टांगलेले बूट काढून तो पळाला. बूट मोठ्या माणसाचे होते, त्याच्या पायात येणारही नव्हते, पण न्यायाधीशाला त्याचं काय. सात वर्षं काळं पाणी. जहाजात घालून पोराला जगाच्या या टोकाला आणून टाकलं. आमच्या टास्मानियात पॉइंट प्यूअर म्हणून एक खडकाळ टोक आहे, समुद्रात घुसलेलं. तिथं सरकारनं खास पोरांचा तुरुंग थाटला होता. कुणाला बूट शिवायला शिकवायचे, कुणाला विटा पाडायला, कुणाला होड्या बांधायला. एमसच्या हातात छिन्नी आली. सुटला तेव्हा तो अठरा वर्षांचा, पक्का पाथरवट झालेला होता, आणि परत जावं असं मागं कुणी राहिलेलं नव्हतं. मग ह्यूऑन नदीच्या काठाकाठानं काम मागत तो हार्डिंग बेला पोचला. हॅना नावाच्या मोलकरणीशी त्यानं लग्न केलं. जमिनीचा तुकडा घेतला, झाडं तोडली, घराचा पाया आणि धुराडं स्वतःच्या हातानं बांधलं. मुलं बरीच झाली, जगला तो एकटा रूबेन.

रूबेन म्हणजे मर्टलचा बाप. कर्तबगार माणूस, यात वाद नाही. जंगल हटवून त्यानं सफरचंदांची बाग उभी केली, पेट्या भरभरून लंडनला पाठवल्या, चर्चच्या समितीवर गेला. आणि एकदा का माणूस समितीवर गेला, की त्याला पूर्वज लागतात. आमच्याकडे तेव्हा माणसांचे दोनच प्रकार होते. स्वखुशीनं आलेले आणि आणलेले. रूबेननं ठरवून टाकलं की कॉटरेल स्वखुशीनं आले, स्वतःच्या पैशानं तिकीट काढून. आता असं ठरवल्यावर हयात असलेल्या बापाचं करायचं काय? हॅना गेल्यावर त्यानं म्हाताऱ्याचं बिऱ्हाड सफरचंदं भरायच्या शेडमागच्या खोलीत हलवलं. नवा पाद्री आला तेव्हा त्याला सांगितलं, "जुना गडी आहे आमचा. कुठं जाईल बिचारा या वयात?"

पाद्र्याला रूबेनचं मन फार मोठं वाटलं. त्यानं तसं रविवारच्या प्रवचनात बोलूनही दाखवलं.

शेडमागं एक पिवळसर दगड आणून म्हाताऱ्यानं वर गोणपाट टाकलं, आणि ऊन असेल तेव्हा तो त्यावर टकटक करत बसायचा. त्या जमान्यात पाथरवट आपला दगड आपणच घडवून ठेवायचे, त्यात नवल नव्हतं. मर्टल आठ वर्षांची असताना, ऐन थंडीत, तो गेला. तीन माणसं पुरायला गेली. मग रूबेननं गोणपाट उचललं, दगड वाचला, आणि पुन्हा झाकून ठेवला. आठवडाभरानं त्यानं मजुरीला एक माणूस बोलावला, आणि दोघांनी पहारीनं सरकवत तो दगड मागच्या दाराशी आणून पालथा बसवला. चांगला घडवलेला दगड फेकून द्यायचा जीव होईना आणि लावायची लाज वाटत होती. कंजूसपणा आणि लाज एका माणसात नांदायला लागली की असंच व्हायचं.

मर्टल तेव्हा स्वयंपाकघरात खिडकीखाली बसली होती. तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "रूबेन, बाप होता तो तुझा."

"म्हणूनच," रूबेन म्हणाला. "आपली लाज कोरून ठेवलीय त्यानं याच्यावर. जन्मात कुणी वाचता कामा नये."

मर्टलनं ते ऐकलं, आणि दगडावर काय असणार हे तिचं तिनंच ठरवलं. चोर. कैदी. शिक्षा किती वर्षं झाली ते. शाळेत जाताना ती पायरीवरून उडी मारून जायची. पुढं उडी मारायचं वय राहिलं नाही, तेव्हा पाय ठेवायला लागली. अक्षरं मात्र पायाखाली आहेत हे ती कधी विसरली नाही.

तशी मर्टलला गावात फार मान होता. सफरचंद कागदात गुंडाळून पेटीत बसवण्यात तिचा हात धरणारी बाई ह्यूऑनच्या दोन्ही काठांवर नव्हती. चर्चमधली फुलं, बायकांच्या मंडळाचा चहा, दिवाळखोर झालेल्या घरी गुपचूप पोचवायचं मटण, सगळं तिच्याकडं. आणि दरवर्षी जुन्या घराण्यांचा चहा व्हायचा, स्वखुशीनं आलेल्यांचा, त्याची निमंत्रणंही तिच्याच हातची. कुणाला बोलवायचं आणि कुणाला वगळायचं हे ती जाणून होती. तिला कुणी काही विचारलं नाही. लग्न तेवढं केलं नाही.

तेही सांगतो. ती एकवीस वर्षांची असताना हंगाम संपल्यावरचा नाच होता, गावच्या हॉलमध्ये. लाइल ट्रिफिट नावाचा बढईचा पोर, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, बुटांना पॉलिश करून, केसांना पाणी लावून अख्खा हॉल ओलांडून तिच्याकडं आला. ट्रिफिट म्हणजे उघड उघड आणलेले. त्यांनी कधी लपवलंही नाही, लपवण्याइतकी ऐपतच नव्हती. लाइल पोरींना आवडायचा. मर्टलला तर फारच आवडायचा, म्हणून तर ती जास्त घाबरली.

"मर्टल, हा नाच माझ्याबरोबर?"

"नको बाई," मर्टल मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आमच्या घरात बेड्या घालून चालायची सवय नाही कुणाला. आपली पावलं जुळायची नाहीत."

पोरीपोरी खिदळल्या. भिंतीशी बसलेली म्हातारी माणसं मात्र एकदम गप्प झाली आणि खाली बघू लागली. मर्टलला वाटलं, आपला रुबाब पडला. लाइल कानापर्यंत लाल झाला, मान लववून परत गेला, आणि दोन वर्षांनी त्यानं पलीकडच्या काठावरची मुलगी केली.

मग युद्धं झाली, आईबाप गेले, भाऊ हेडली होबार्टला जाऊन तिथंच वारला. विलायतेनं आमची सफरचंदं घ्यायची बंद केली आणि सरकारनं झाडं उपटायला पैसे दिले. बाग गेली. घर, मर्टल आणि पायरी राहिली. आणि मग यंदा ईस्टरच्या दोन महिने आधी मर्टलच्या खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलातून आणायला हेडलीची नात आली होती, लिओनी. वय तिशीच्या आत, होबार्टला सरकारी कचेरीत नोकरी, जीभ अखंड चालू. मर्टलला आत्याआजी म्हणायची आणि तिच्यावर जीव टाकायची. गाडीत बसवल्या बसवल्या ती म्हणाली, "आत्याआजी, तुला एक बातमी द्यायचीय. सापडला!"

"कोण सापडला?"

"चोर! आपल्या घरात चोर आहे! खापरपणजोबा माझा, म्हणजे तुझा आजोबा. एमस कॉटरेल! अकरा वर्षांचा होता गं फक्त. पॉइंट प्यूअरला होता. ऑफिसात सगळे जळले माझ्यावर. जॅनेट बिचारी तीन वर्षं शोधतेय, तिच्याकडं एकसुद्धा निघेना. सगळे आपले शेतकरी आणि पाद्री."

"काच वर कर," मर्टल म्हणाली.

"थंडी वाजतेय?"

"वर कर म्हणते ना."

जग असं बदललं होतं. ज्या गोष्टीसाठी रूबेननं बाप गाडला, तीच गोष्ट आता पोरं अंगावर मिरवत होती. लिओनीनं ईस्टरच्या सुट्टीत सगळ्या कॉटरेलांचा मेळावा ठरवला होता, मर्टलच्याच अंगणात. साठ-सत्तर माणसं येणार होती. कैद्यांच्या कपड्यांवर असायचे तसे बाण छापलेले सदरे तिनं शिवून घेतले होते. मर्टलच्या मापाचाही एक होता. मर्टलनं तो घडी घालून कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली ठेवला, आणि वर आणखी चार अभ्रे टाकले.

"चार फूट दोन इंच उंची," लिओनी टेबलाशी बसून तुरुंगातली नोंद वाचत होती, आणि वाचता वाचता तिचा आवाज चिरकला. "डाव्या भुवईवर व्रण. काम करताना बोलला म्हणून दोन दिवस नुसता पाव आणि पाणी. लहान मूल गं, आत्याआजी! आणि शेवट कुठं झाला त्याचा काही पत्ताच नाही. कबरच सापडत नाही. तू तेव्हा सात-आठ वर्षांची असशील. कुणी म्हातारा आठवतो का तुला?"

डाव्या भुवईवरचा व्रण मर्टलला लख्ख आठवत होता. त्यावर केस उगवायचे नाहीत.

"नाही गं," ती म्हणाली. "गडीमाणसं असायची बरीच. कोण लक्षात ठेवतो."

बोलून झालं आणि तिच्या लक्षात आलं. बापानं पाद्र्याला सांगितलं होतं तेच ती सांगत होती, जवळपास त्याच शब्दांत. पण एकदा तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं? साठ वर्षं तू गप्प का बसलीस, असं पोरीनं विचारलं तर काय सांगायचं? पूर्वज चोर निघाला तर आता टाळ्या पडतात. पूर्वजाला पायदळी तुडवणारी आत्याआजी निघाली, तर तिच्यासाठी कुठला सदरा छापणार? मर्टलला आता त्या बुटांची लाज राहिली नव्हती. लाज होती ती पायरीची.

नेमकी त्या पायरीवरच लिओनीची नजर गेली. "ही जाणार," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. खुब्याचं हाड जुळेपर्यंत पायरी नको. इथं लाकडी उतरण करून घेऊ, मेळाव्याच्या आधी. मी बोललेसुद्धा लाइलकाकांशी."

"पायरीला हात लावायचा नाही!"

"अगं, पडलीस तर?"

"पडले तर पुढच्या दारानं न्या मला!"

लिओनी हसली. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट असतात, असं तिला वाटलं.

लाइल ट्रिफिट माप घ्यायला आला तेव्हा लिओनी दुकानात गेली होती. बायको जाऊन त्याला पाच वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, हात अजून शाबूत होते. तो पायरीशी उकिडवा बसला, टेप उलगडली, आणि मापबीप न घेता दगडावर हात फिरवत राहिला.

मर्टल काठी टेकत दारात आली. "लाइल, एक काम करशील? 'का' म्हणून विचारणार असशील, तर आधीच नाही म्हण."

"मग आधी सांग तर."

"पोरगी नसताना ये. हा दगड उचल, बघू नकोस, उलटा करू नकोस, नि नेऊन नदीत टाक. म्हणशील ते देईन."

लाइलनं टेप सर्रकन आत जाऊ दिली. "एमसचा दगड नदीत टाकू?"

मर्टलनं चौकट धरली. खुब्यातून कळ मस्तकापर्यंत गेली, पण बसायचं तिला सुचलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"मर्टल, तुझ्या बापानं मजुरीला ज्याला बोलावलं होतं, तो माझा बाप होता. घरी येऊन जेवता जेवता त्यानं सांगितलं. दहा वर्षांचा होतो मी."

"म्हणजे तुला... हॉलमध्ये, त्या रात्री..."

"माहीत होतं."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना माहीत होतं गं." तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला, की मर्टलला तो चेष्टा करतोय असं क्षणभर वाटलं. "एमसनं अर्ध्या गावाची धुराडी बांधलीत. कुणाचा बाप आहे हे कळायला काय लागतं? पण एकाचं काढलं की दुसऱ्याचं निघतं, म्हणून आपल्याकडं कुणी कुणाचं काढत नाही. तुझ्या त्या चहाला यायचे ना जुन्या घराण्यातले? त्यातल्या निम्म्यांचे आजे पायात लोखंड घालूनच उतरले होते. तुझ्या हातचा केक खायचे आणि गप्प बसायचे. केक चांगला असायचा."

मर्टलच्या डोळ्यांपुढं ती भिंतीशी बसलेली म्हातारी माणसं आली, खाली बघणारी. त्यांना तिचा रुबाब वाटला नव्हता. त्यांना तिची लाज वाटली होती. एक्कावन्न वर्षांनी तिला ते कळलं, आणि बहात्तर वर्षांच्या बाईच्या गालाला पोरीसारखी आग लागली.

"तू बोलला का नाहीस?" ती म्हणाली. "तिथल्या तिथं तोंड बंद करता आलं असतं माझं."

"आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तुझा बाप दाराशी उभा होता. तो काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. तोंडावरचं सगळं रक्त उतरलं होतं त्याच्या. म्हटलं, जाऊ दे." लाइल गुडघ्यावर हात देऊन उठला. "नंतर पुष्कळ दिवस वाटलं, बोलायला हवं होतं. तुझं तोंड बंद करायला नाही. नाचायला मिळालं असतं कदाचित."

मर्टलला रडू आलं नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. ती नुसती म्हणाली, "मला माफ कर, लाइल."

"केलं की. केव्हाच. मेलनशी लग्न करून सुखात राहिलो मी. तू स्वतःला एवढी महत्त्वाची समजू नकोस." तो हसला, आणि मर्टललाही नाइलाजानं थोडं हसू आलं. मग तो म्हणाला, "दगड मात्र नदीत टाकणार नाही. आमच्या घराण्यात एक चोर होऊन गेला तेवढा पुरे."

"पण वाचतील रे सगळे! काय काय लिहिलंय त्याच्यावर!"

"काय लिहिलंय?"

"चोर, कैदी, शिक्षा..."

लाइल तिच्याकडं बघत राहिला. "तू वाचलाच नाहीस कधी?"

"कसा वाचणार?"

"तसलं काही नाहीये त्याच्यावर, मर्टल," तो म्हणाला. बाकी काय आहे ते त्यानं सांगितलं नाही. तिनं दोनदा विचारलं तरी सांगितलं नाही. पेन्सिल कानावर अडकवून तो निघून गेला.

शनिवारी सकाळी तो पहार आणि फळ्या घेऊन आला. लिओनीचा नवरा ग्रेग मदतीला होता. मर्टलला अंगणात खुर्ची मांडून, पायावर शाल घालून बसवलं होतं. लिओनी चहा ओतत होती, मेळाव्याचं बोलत होती, कोण किती वाजता येणार, कुणाची मुलं कुठं झोपणार. मर्टलच्या कानांवरून सगळं जात होतं. पहार दगडाखाली गेली आणि करकर वाजली, तेव्हा तिनं शाल मुठीत घट्ट धरली.

दगड एका कडेनं वीतभर उचलला गेला. लाइलनं ग्रेगला थांबायला सांगितलं आणि मान वळवून बघितलं.

"मर्टल, असाच सरकवून कुंपणाशी ठेवू? की उलटा करू?"

ग्रेगला वाटलं, जागेचं विचारतोय. लिओनी कपात साखर घालत होती. कुणाचंच लक्ष नव्हतं. सरकव म्हटलं असतं तर दगड कुंपणाशी पडला असता, त्यावर गवत वाढलं असतं, मर्टल मेली असती, आणि गोष्ट संपली असती. लाइल जन्मात कुणाला बोलला नसता हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. तिला सरकवच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर तयार होता. आणि त्याच वेळी तिला जाणवलं की आपला आवाज हुबेहूब बाबांसारखा निघणार आहे.

"उलटा कर," ती म्हणाली.

दगड धपकन पडला. ओली माती, गांडुळं, पांढरी मुळं. लिओनीनं वळून बघितलं, पुढं आली, आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. "यावर अक्षरं आहेत!" तिनं किटलीतलं उरलेलं पाणी ओतलं, हातानं माती बाजूला सारली, आणि गुडघ्यांवर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेली.

"एमस कॉटरेल."

"हॅनाचा नवरा."

"रूबेनचा बाप."

"हेडली आणि मर्टल यांचा आजोबा."

बस. पुढं दगड कोराच होता, गुळगुळीत. चोरी नाही, शिक्षा नाही, तुरुंगाचं नाव नाही. मर्टल हे नाव बाकीच्यांपेक्षा उथळ होतं आणि ओळीतून जरा खाली उतरलं होतं. ते नंतर, हात थरथरायला लागल्यावर, घातलेलं होतं.

तर ही लाज होती. एवढीच. हा माणूस आमचा आहे, ही. मर्टल त्या अक्षरांकडं बघत राहिली. रूबेननं हे वाचलं होतं, पुरतं समजून वाचलं होतं, आणि मग पालथं घातलं होतं. आणि तिनं न वाचताच त्यावर अख्खा जन्म पाय दिला होता. दोघांत जास्त वाईट कोण, हे तिला ठरवता येईना.

"इथं कसा आला हा? कुणाला माहीत होतं?" लिओनी हसत होती आणि रडत होती, दोन्ही.

"मला माहीत होतं," मर्टल म्हणाली. "तुझ्या पणजोबानं पालथा घातला, मी बघत होते. कबर चर्चच्या मागच्या कुंपणाशी आहे, बाभळीखाली. परवा तुला म्हटलं ना कुणी आठवत नाही, ते खोटं बोलले. शेडमागच्या खोलीत राहायचा तो."

लिओनीनं सगळं ऐकून घेतलं. पण ती रागावली नाही, आणि तेच मर्टलला सोसेना. पोरगी उठून आली, मातीच्या हातांनी तिचे दोन्ही हात धरून तिच्या पायाशी बसली. "म्हणजे तू पाहिलंयस त्याला! खरंच पाहिलंयस! आत्याआजी, सगळ्या कॉटरेलांत तू एकटी उरलीस त्याला पाहिलेली. आणि त्यानं तुझं नाव कोरलंय, बघ तरी! किती जीव असेल त्याचा तुझ्यावर! मेळाव्यात तूच सांगायचंस सगळ्यांना. तू काय म्हणायचीस गं त्याला? आजोबा? की काही लाडाचं नाव होतं?"

अंगणात सगळे तिच्याकडं बघत होते. ग्रेग हसून बघत होता. लाइल पहारीवर रेलून उभा होता, आणि आजोबा म्हणायचे, असं ती म्हणाली असती तर त्यानं मान डोलावली असती.

"म्हाताऱ्या," मर्टल म्हणाली. "म्हाताऱ्या, ऊठ. असं म्हणायचे."

"ऊठ?"

"खोलीत कुणीही आलं की टोपी काढून ताठ उभं राहायची सवय होती त्याला. तुरुंगात लावलेली. मांजर आत आलं तरी दचकून अर्धा उठायचा. मी पाच-सहा वर्षांची होते, तरी माझ्यासाठीसुद्धा उभा राहायचा. मला त्याची भारी मजा वाटायची. मी आत जायची, तो उठायचा. मी बाहेर यायची, तो खाली बसायचा. की मी परत आत. गुडघे दुखायचे त्याचे, भिंतीला धरून उठायचा. मी मोजायची किती वेळा उठतो ते, आणि आईला जाऊन सांगायची."

लिओनीच्या हातांची पकड सैल झाली. तिनं हात काढून मात्र घेतले नाहीत.

"एकदाही म्हणाला नाही, पुरे आता पोरी," मर्टल म्हणाली. "दर वेळी उठायचा. आणि मला बघून हसायचा."